हिरोशिमा : एक नाव, दोन लिप्या

मराठीत आपण 'हिरोशिमा-नागासाकी' एका दमात म्हणतो. नळ-दमयंतीसारखी जोडीच झाली आहे ती. त्यामुळे हिरोशिमा या शब्दाला स्वतःचा अर्थ आहे, हे सहसा लक्षात येत नाही. 'हिरो' म्हणजे रुंद, ऐसपैस; 'शिमा' म्हणजे बेट. ओता नदी समुद्राला मिळण्याआधी अनेक फाट्यांत विभागते आणि त्या फाट्यांमधल्या गाळाच्या बेटांवर हे शहर वसलं आहे.

१५८९ मध्ये मोरी तेरुमोतो या सरदाराने तिथे किल्ला बांधायला घेतला, तेव्हा हे नाव पडलं. त्याआधी त्या भागाला गोकामुरा, म्हणजे 'पाच गावं', म्हणत. दुसरी व्युत्पत्तीही सांगितली जाते: मोरींचे पूर्वज ओए नो हिरोमोतो यांच्या नावातलं 'हिरो' आणि किल्ल्याची जागा निवडायला मदत करणाऱ्या फुकुशिमा मोतोनागाच्या आडनावातलं 'शिमा'. मला स्वतःला गाळाची बेटंच जास्त पटतात.

पुढे हे लष्कराचं गाव झालं. १८९४ मध्ये चीनशी युद्ध पेटल्यावर सम्राट मेइजींनी आपलं युद्धकालीन मुख्यालयच इथे हलवलं होतं.

६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठला अणुबॉम्ब पडला आणि नावाच्या लिखाणातही फरक पडला. एरवी हे नाव कांजीत, म्हणजे चिनी चित्राक्षरांत लिहितात: एक अक्षर 'रुंद', दुसरं 'बेट'. पण अणुबॉम्ब आणि शांतता यांचा विषय असेल, तर तेच नाव अनेकदा काताकानात लिहितात. मुख्यतः परकीय शब्दांसाठी वापरली जाणारी ही टोकदार अक्षरांची लिपी फक्त उच्चार दाखवते. तिच्यात बेट उरत नाही. उच्चार तोच राहतो, फरक फक्त डोळ्यांना दिसतो. देवनागरीत तर तो दिसायचीही सोय नाही, म्हणून आपल्यापर्यंत एकच हिरोशिमा पोहोचलं याची खंत वाटते.

२०११ च्या अणुदुर्घटनेनंतर फुकुशिमाचं नावही असंच काताकानात येऊ लागलं. तिथल्या अनेकांना ते रुचलं नाही, आणि ते समजण्यासारखं आहे. आपल्या घराचा पत्ता दुर्घटनेचं नाव म्हणून वाचला जावा, हे कोणाला आवडेल?

हिरोशिमात बॉम्ब पडल्यावर तिसऱ्याच दिवशी, ९ ऑगस्टला, एका टप्प्यावर ट्राम पुन्हा धावली. ती ट्रामसेवा आजही चालू आहे. स्थानकाकडे जाणाऱ्या गाडीच्या पाटीवर तीन कांजी अक्षरं असतात: रुंद, बेट, स्थानक.