ट्यूब माइक आणताना त्याचा पॉवर सप्लायही आणा

पावसाळा लागला की आमच्या दुरुस्तीच्या दुकानात ट्यूब माइकची, म्हणजे आत काचेची व्हॅक्यूम ट्यूब असलेल्या माइकची, रीघ लागते. गणपतीची गाणी रेकॉर्ड होतात ती आषाढ-श्रावणात, हवा दमट असते, माइक खरखरायला लागतो आणि मंडळी बुधवार पेठेतली गर्दी तुडवत येऊन विचारतात, "याची ट्यूब बदलून मिळेल का?" मिळेल. पण हातात असतो नुसता माइक. पॉवर सप्लाय आणि सात पिनांची केबल कोथरूडला घरी, टेबलाखाली.

मग आम्ही परत पाठवतो आणि लोक रागावतात. "तुमच्याकडे दुसरा सप्लाय नाही का?" आहेत की. पण तुमच्या माइकला ते लावणार नाही. का, ते इथे एकदाच सविस्तर लिहून ठेवतो.

ट्यूब माइक फँटमवर, म्हणजे मिक्सर किंवा इंटरफेस माइकच्या साध्या केबलमधूनच देतो त्या पॉवरवर, चालत नाही. ट्यूबचा फिलामेंट (आतली तापणारी तार) तापवायला त्याला बहुधा ६.३ व्होल्ट लागतात आणि प्लेटसाठी (ट्यूबमधला करंट ओढून घेणारा पत्रा) शंभराच्या वर, काही मॉडेलांत दोनशेच्या आसपास. पॅटर्नचं (माइकने कुठल्या दिशेचा आवाज घ्यायचा, त्याचं) बटण सप्लायवर असेल तर कॅप्सूलचं, म्हणजे आवाज पकडणाऱ्या पडद्याचं, व्होल्टेजही त्याच केबलमधून जातं. हे सगळं सात पिनांतून येतं, पण कुठल्या पिनवर काय, हे प्रत्येक कंपनीने आपापल्या मर्जीने ठरवलेलं आहे. कनेक्टर एकसारखे दिसतात, एकमेकांत बसतातही. बसला म्हणून दुसऱ्याचा सप्लाय लावला आणि फिलामेंटच्या पिनवर प्लेटचं व्होल्टेज गेलं, तर ट्यूब तिथल्या तिथे संपते, सोबत आणखी काय जाईल सांगता येत नाही. मित्राचा सप्लाय लावून पाहू नका. आम्हीही पाहणार नाही.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. ट्यूब गेली म्हणून आणलेल्या माइकमध्ये पुष्कळदा ट्यूब ठणठणीत असते आणि दुखणं सप्लायमध्ये किंवा केबलमध्ये निघतं. रोज दोन तास माइक चालवला तरी वर्षाचे सातशे-साडेसातशे तास होतात. धड ट्यूब हजारो तास काढते. आवाज कसला आहे ते आधी ऐका. एकसारखी जाड घूं येत असेल तर सप्लायमधले फिल्टर कपॅसिटर सुकलेले असू शकतात, किंवा अर्थिंग नीट नसेल. केबल हलवल्यावर आवाज जात-येत असेल तर कनेक्टरमधलं सोल्डर बघावं लागतं. माइकच्या अंगावर पेन्सिलने हलकेच टिचकी मारल्यावर घंटीसारखा आवाज घुमत राहिला, तर मात्र ट्यूबच. तिच्या आतल्या ग्रिड-प्लेट सैल झाल्या की ती स्वतःच माइकसारखी वागते.

काही जण सांगतात, "सप्लाय मी मीटरने तपासलाय, व्होल्टेज बरोबर आहे." माइक न जोडता तपासलेलं व्होल्टेज आमच्या उपयोगाचं नाही. भार नसताना साधा सप्लाय जास्तच दाखवतो. खरं काय ते ट्यूब तापून करंट ओढायला लागली की कळतं. शिवाय त्या पिनांवर शंभर-दोनशे व्होल्ट असतात, तिथे मीटरची टोकं घेऊन घरी प्रयोग करू नका.

अमेरिकेतल्या भाच्याने माइक आणून दिला असेल तर सप्लायच्या मागे ११५/२३० चा स्विच आहे का ते पाहा. तो ११५ वर ठेवून आपल्याकडच्या प्लगमध्ये खुपसला की फ्यूज तरी उडतो नाहीतर ट्रान्सफॉर्मर तरी जातो. अशा माइकची ट्यूब बदलून काहीच होणार नाही.

तेव्हा माइक, सप्लाय, सात पिनांची केबल, तिन्ही आणा. शॉक माउंट आणि लाकडी पेटी घरीच राहू द्या.

कोणती ट्यूब घालायची?

परवडणाऱ्या माइकमध्ये बहुतेक वेळा नऊ पिनांची १२एएक्स७ किंवा १२एटी७ असते, काहींत १२एवाय७ म्हणजेच ६०७२. एकेजी कंपनीच्या सी १२ या जुन्या नावाजलेल्या माइकमध्ये ६०७२ होती, त्यामुळे सगळ्यांना तीच हवी असते. १२एएक्स७ चा गेन फॅक्टर (ट्यूब सिग्नल किती पट वाढवू शकते तो आकडा) १००, १२एटी७ चा ६०, १२एवाय७ चा चाळीसच्या थोडा वर. फिलामेंटची जोडणी तिघींची सारखीच. म्हणून १२एएक्स७ काढून १२एवाय७ घातली तर बहुतेक माइकमध्ये चालते, लेव्हल उतरते, खरखरही उतरते. पण मग प्रीअँपचा (माइकचा सिग्नल मोठा करणाऱ्या यंत्राचा) गेन वाढवावा लागतो, आणि प्रीअँप स्वस्तातला असेल तर एका हाताने मिळवलेलं दुसऱ्या हाताने गेलं.

६९२२ किंवा ईसीसी८८ मात्र यांच्या जागी चालत नाही, हे लक्षात ठेवा. तीही नऊ पिनांचीच, सॉकेटमध्ये छान बसते. पण तिचा फिलामेंट चौथ्या-पाचव्या पिनवर असतो आणि नववी पिन आतल्या शील्डची. १२एएक्स७ मध्ये नववी पिन फिलामेंटचा मध्य असते. ६.३ व्होल्टच्या जोडणीत तिथे चौथी-पाचवी एकत्र बांधलेली असते, म्हणून ईसीसी८८ घातली तर ती तापतच नाही. उलट, ईसीसी८८ च्या माइकमध्ये १२एएक्स७ घातली तर फिलामेंटला निम्मंच व्होल्टेज मिळतं. सॉकेटशेजारी बोर्डावर काय छापलंय ते वाचा, नाहीतर ट्यूबचा फोटो पाठवा.

ट्यूब बदलली म्हणून माइक दुसराच होईल, अशी आशा ठेवू नका. आवाजाचा तोंडवळा ठरतो तो जास्त करून कॅप्सूलवर आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर. चांगली ट्यूब पार्श्वभूमी शांत करते. ऑडिओबुक वाचणाऱ्याला ते लगेच जाणवतं. मागे तानपुरा चालू असेल तर फारसं नाही.

घरी बदलणार असाल तर

बदला, आमची हरकत नाही. ट्यूब आमच्याकडून न्या. सप्लाय बंद करा, थोडा वेळ जाऊ द्या, मगच केबल काढा. चालू असताना केबल कधीच काढू-घालू नये. खालचं कडं फिरवून नळी सरकवली की ट्यूब दिसते. ती पिळायची नाही, हलकेच डुलवत सरळ वर घ्यायची. तारांनी सोल्डर केलेली बारीक ट्यूब दिसली तर नळी परत चढवा आणि आमच्याकडे या.

बोटं फक्त काचेला लागू द्या. कॅप्सूलकडून येणाऱ्या तारेपाशी शेकडो मेगओहम, कधी एक गिगओहमचा रेझिस्टर असतो. तिथे घामाचं बोट लागलं की त्या थरातून करंट गळायला लागतो, आणि नव्या ट्यूबवर खरखरीचा आळ येतो. कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे आत मारू नका. त्याचा तुषार कॅप्सूलच्या पडद्यावर बसला तर ट्यूबच्या कितीतरी पट खर्चाचं काम निघतं. जुनी ट्यूब उजेडात धरून पाहा. माथ्यावरचा चंदेरी डाग दुधासारखा पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली, ती संपली.

खरखर फक्त पावसाळ्यात आणि पहिली काही मिनिटंच येत असेल तर ट्यूब विकत घेण्याआधी माइक अर्धा तास चालू ठेवून बघा. एरवी तो हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. आमचा एक गिऱ्हाईक एवढ्यावरच बरा झाला.

आमची ट्यूब ऑनलाइनपेक्षा महाग का, हा प्रश्न रोजचा. तीच स्लोव्हाकियाच्या जेजे कंपनीची, तीच रशियात बनलेली इलेक्ट्रो-हार्मोनिक्सची, खरं आहे. पण गिटार अँपमध्ये खपून जाणारी ट्यूब माइकमध्ये खपत नाही. आम्ही प्रत्येक ट्यूब रात्रभर चालवतो, मग टिचकी मारून आणि हेडफोनवर ऐकून निवडतो. उरलेल्या गिटारवाल्यांकडे जातात. निवडीची किंमत तुम्ही देता, काचेची नाही. माइक दोन-तीन दिवस ठेवून घेतो तोही याचसाठी: नवी ट्यूब पहिल्या तासाला जे बोलते ते दुसऱ्या दिवशी बोलतेच असं नाही.

जुन्या अमेरिकन साठ्यातली ६०७२ आम्ही ठेवत नाही. नुसता छाप नवा मारलेला माल फार फिरतो. तुमच्याकडे असेल तर आणा, तपासून देऊ.

गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस काम तुंबलेलं असतं, शक्यतो आषाढातच या. काढलेली ट्यूब नव्या ट्यूबच्या खोक्यात घालून परत मिळेल.