आयजीई वाढलंय म्हणजे ॲलर्जीच असं नाही

रक्ताच्या रिपोर्टमध्ये टोटल आयजीई (रक्तातली एक प्रकारची प्रतिपिंडं) वाढलेलं दिसलं, की बहुतेक घरांत दूध, अंडी, शेंगदाणे बंद होतात. एवढी घाई करू नये. आयजीई आणि इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी ही शरीराची जंतांविरुद्धची मुख्य हत्यारं. तीच धुळीवर किंवा परागांवर उगारली गेली, की तिला आपण ॲलर्जी म्हणतो. नुसत्या आकड्यावरून दोन्हींतला फरक कळत नाही.

गोलकृमीचंच घ्या. नीट न धुतलेल्या कोथिंबिरीबरोबर, मुळ्याबरोबर त्याची अंडी पोटात जातात. आतड्यात अळ्या बाहेर पडतात, रक्तातून फुप्फुसात पोचतात, घशाशी येतात आणि गिळल्या जाऊन पुन्हा आतड्यात उतरतात. फुप्फुसात असताना खोकला येतो, छातीत घरघर होते. हुबेहूब बाळदमा वाटावा असं चित्र. त्या वेळी शौचाची तपासणी मात्र स्वच्छ येते, कारण मादी अंडी घालू लागेपर्यंत दोन-तीन महिने जातात. म्हणून एकाच नमुन्यावर न थांबता वेगवेगळ्या दिवशी तीन नमुने द्यावेत.

इओसिनोफिलची फक्त टक्केवारी पाहू नका. एकूण पांढऱ्या पेशी ९,००० आणि इओसिनोफिल १२ टक्के असतील, तर संख्या १,०८० होते. ५०० च्या वर ती वाढलेली समजतात. ३,००० च्या वर गेली आणि खोकला रात्रीच उसळत असेल, तर हत्तीरोगाच्या जंतांचाही विचार करावा लागतो. विदर्भातून नाशिकला आलेल्यांच्या बाबतीत हे विसरू नये.

आणखी एक गफलत होते. ट्रोपोमायोसिन हे प्रथिन जंतांत, झुरळांत आणि धुळीतल्या माइट या सूक्ष्म किड्यांमध्ये बरंचसं सारखं असतं. त्यामुळे जंत असलेल्या मुलाची माइटची रक्तचाचणी त्रास नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते.

जंत ॲलर्जीपासून वाचवतात, असंही म्हटलं जातं. ते खरं का? अर्धवट खरं. जुनाट संसर्गात जंत आपल्या बचावासाठी प्रतिकारशक्तीला आवर घालतात. आफ्रिकेतल्या गॅबनमधल्या २००० सालच्या अभ्यासात रक्तकृमी (रक्तवाहिन्यांत राहणारे शिस्टोसोमा जंत) असलेल्या मुलांच्या त्वचेवर माइटची प्रतिक्रिया कमी उमटली. अनेक अभ्यास एकत्र पाहिले तर अंकुशकृमी (अनवाणी पायांतून शिरून आतड्यात रक्त पिणारा जंत) असलेल्यांत दमा कमी आढळतो, गोलकृमी असलेल्यांत उलट जास्त. दम्याच्या रुग्णांना मुद्दाम अंकुशकृमी देऊन पाहिले, तेव्हा ठोस फायदा दिसला नाही. त्यापायी पेठ-सुरगाण्यात अनवाणी राबणाऱ्या बाईचं रक्त अंकुशकृमीला पिऊ देणं कुठल्याच हिशेबात बसत नाही.

जंताची गोळी म्हणजे अल्बेंडाझोल, ४०० मिलिग्रॅम, एकदाच. एक ते दोन वर्षांच्या मुलाला अर्धी, चुरून पाण्यातून. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत घेऊ नये. फुप्फुसातल्या अळ्यांवर तिचा फारसा भरवसा नसतो, म्हणून डॉक्टर पुढे पुन्हा डोस देतात. दम्याचा पंप मात्र गोळी घेतली म्हणून बंद करू नका. इओसिनोफिल खूप वाढलेले असताना स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू करायच्या असतील, तर आधी स्ट्राँगिलॉइडिसची शंका दूर करून घ्या. स्टेरॉइडमुळे हा जंत अंगभर पसरून जिवावर बेततं.