आईच्या खुर्चीवर उजेड का पडत नाही

नागपूरच्या मनीषनगरात बहिणीने फ्लॅट घेतला. बैठकीच्या खोलीत फॉल्स सिलिंग आणि त्यात चौदा स्पॉटलाइट. तरी आईला खुर्चीत बसून पेपर वाचता येत नाही, कारण उजेडाचा गोळा नेमका खुर्चीच्या पाठीवर पडतो. इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने स्टुलावर चढून, रुमालाने धरून दिवा जरा तिरका केला आणि खाली उतरून म्हणाला, "उजेड कमी पडून राहिला काय? अजून दोन लावून देतो ना."

हा समज त्याच्या एकट्याचा नाही. दुकानात आपण वॉट विचारतो, फार तर पांढरा की पिवळा. खोक्यावर बारीक अक्षरांत २४ अंश, ३६ अंश, ६० अंश असंही छापलेलं असतं, ते कुणी वाचत नाही. तो उजेडाच्या शंकूचा कोन. २४ अंशांच्या शंकूतला प्रकाश ६० अंशांत पसरवला तर तो साधारण सातपट जागेवर पडतो, म्हणजे सातपट पातळ होतो. वॉट तेवढेच. हा कोन दिव्यासमोरचं प्लॅस्टिकचं भिंग साच्यातून निघतं तेव्हाच ठरतो. नंतर आपल्या हाती राहतं ते स्टूल आणि रुमाल.

आता असेही दिवे तयार झाले आहेत, ज्यांच्या तोंडाशी द्रव स्फटिकाची सपाट काच बसवलेली असते. व्होल्टेज बदललं की शंकू अरुंदाचा रुंद होतो, गोलाचा लंबगोल होतो. दिवा हलत नाही, भिंग हलत नाही. हलतात ते रेणू.

द्रव स्फटिक हे काय प्रकरण आहे? आपल्याकडे पावसाळ्यात नाल्याच्या पुरात तुराट्या वाहताना पाहिल्या असतील. एकही तुराटी जागेवर थांबत नाही, पण बहुतेक साऱ्या एकाच दिशेला तोंड करून असतात. काडीसारखे लांबट रेणू असेच वागले की तो द्रव स्फटिक. द्रवासारखा वाहतो, पण दिशेची शिस्त स्फटिकाची. १८८८ मध्ये प्रागच्या फ्रीडरिश राइनिट्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाला कोलेस्टेरॉलच्या एका संयुगाचे दोन 'वितळणबिंदू' सापडले: १४५.५ अंशांना घनाचा दुधाळ द्रव झाला आणि १७८.५ अंशांना तो दुधाळ द्रव एकदम नितळ. मधली दुधाळ अवस्था म्हणजे आपली तुराट्यांची अवस्था.

आता माझ्या आवडीचा भाग. शाळेत आपण शिकलो की बहिर्गोल भिंग मध्ये जाड असतं आणि कडेला पातळ, म्हणून किरण वळतात. पण जाडीचं काम काय? मधून जाणाऱ्या प्रकाशाला जास्त काच पार करावी लागते, त्याला उशीर होतो. कडेचा प्रकाश पुढे निघून जातो आणि लाटेचा तोल झुकतो. म्हणजे भिंग बनतं ते उशिरामुळे. मग जाडी सगळीकडे सारखी ठेवून नुसता उशीर कमी-जास्त करता आला तर?

काडीसारखा रेणू नेमकं हेच करू देतो. प्रकाशाचं कंपन काडीच्या लांबीच्या दिशेने असेल तर इलेक्ट्रॉन सहज मागेपुढे होतात, प्रकाश जास्त रेंगाळतो, अपवर्तनांक (म्हणजे रेंगाळण्याचं माप) सुमारे १.७. कंपन काडीला आडवं असेल तर सुमारे १.५. म्हणजे काडी फिरवली की अपवर्तनांक बदलला. फिरवायची कशी? दोन काचांमध्ये द्रव स्फटिकाचा, समजा, ३० मायक्रॉनचा थर भरायचा. केसाच्या निम्म्याहूनही पातळ. काचेच्या आतल्या लेपावर मऊ कापड एकाच दिशेने घासलेलं असतं, काड्या त्या दिशेला निजतात. (हो, कापडाने घासून. एवढ्या नाजूक तंत्राचा पाया शेवटी पुसण्यावर!) काचेवर कंगव्याच्या दातांसारख्या पारदर्शक विद्युतपट्ट्या. शेजारच्या पट्ट्यांना उलटसुलट व्होल्टेज दिलं की पट्टीवरच्या काड्या उभ्या राहतात, दोन पट्ट्यांमधल्या आडव्याच राहतात आणि अधल्यामधल्या कमानीसारख्या कलतात. उभ्या काडीला कंपन आडवं पडतं, म्हणून उशीर मध्ये जास्त, कडेला कमी. प्रत्येक दोन पट्ट्यांमध्ये एक चिमुकलं लांबट भिंग तयार झालं!

हिशेब करून पाहा. अपवर्तनांकातला फरक ०.२ आणि थर ३० मायक्रॉन, म्हणजे जास्तीत जास्त ६ मायक्रॉनचा उशीर. हिरव्या प्रकाशाची लाट ०.५५ मायक्रॉनची, म्हणजे सुमारे अकरा लाटा. मोठ्या भिंगासाठी हे किरकोळ आहे. पण तोच चढउतार काही दशांश मिलिमीटरच्या आत बसवला की उतार तीव्र होतो आणि किरण चांगलेच वळतात. म्हणून एक मोठं भिंग न करता शेकडो बारीक भिंगांची रांग करतात. व्होल्टेज काढलं की काड्या पुन्हा निजतात आणि साधी काच उरते. पुढ्यात बटर पेपर लावूनही उजेड पसरतो, पण तो काढेपर्यंत पसरलेलाच राहतो, शिवाय बराच प्रकाश मागे फेकला जातो.

एक अडचण मात्र खरी आहे. एलईडीच्या प्रकाशात सगळ्या दिशांची कंपनं मिसळलेली असतात. काड्यांच्या दिशेचं कंपन वळतं. त्याला काटकोनातलं कंपन काड्या कशाही कलल्या तरी १.५च पाहतं आणि सरळ निघून जातं. म्हणजे निम्मा प्रकाश हाताबाहेर. म्हणून दुसरा थर काटकोनात ठेवायचा. त्यात हे भिंग लांबट, एकाच दिशेला पसरवणारं. दुसऱ्या दिशेसाठी आणखी दोन थर. हिशेब चारवर जातो. वर व्होल्टेज सतत उलटत ठेवावं लागतं, नाहीतर द्रवातले आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, एका बाजूला जाऊन साचतात. काडीला डोकं-शेपूट असा फरक पडत नाही, ती दोन्ही वेळा तशीच उभी राहते.

'स्फटिक' शब्द आला की ऊर्जा देणारे खडे आणि माळा विकणारे पुढे सरसावतात. त्यांच्या खड्यातले रेणू कोणत्याही मंत्राने कलत नाहीत. इथे थोडं व्होल्टेज पुरतं. आणि अशा दिव्याच्या जाहिरातीत 'जास्त उजेड' लिहिलेलं दिसलं तर तेही खरं मानू नका. काच प्रकाश थोडा खाते, वाढवत नाही. असलेला वाटून देते.

या शास्त्रातलं एक मोठं नाव आपल्या गावाशी जोडलेलं आहे. शिवरामकृष्ण चंद्रशेखर यांनी १९५१ मध्ये नागपूर विद्यापीठातून भौतिकशास्त्रात एमएस्सी केलं. नोबेलवाले चंद्रशेखर ते सुब्रह्मण्यन, ते सी. व्ही. रामन यांचे पुतणे, हे भाचे. द्रव स्फटिकाला काडीसारखाच रेणू लागतो अशी समजूत असताना १९७७ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी बंगळुरूला दाखवून दिलं की थाळीसारखे चपटे रेणूही चालतात. टीव्ही बाजूने पाहिला तरी चित्र नीट दिसावं म्हणून पडद्यावर लावलेल्या फिल्ममध्ये पुढे असेच थाळीरेणू आले.

आणि नागपूरकराने विचारावा असा प्रश्न उरतोच: उन्हाळ्यात काय? १९७३ मध्ये इंग्लंडमध्ये जॉर्ज ग्रे यांच्या गटाने बनवलेला एक प्रसिद्ध द्रव स्फटिक सुमारे ३५ अंशांना शिस्त सोडतो आणि साधा द्रव होतो. त्याची दुधाळ बाटली मे महिन्यात आपल्या गच्चीवर ठेवली तर सकाळी नऊ-दहालाच नितळ होईल. दिव्यांसाठी अर्थातच बरीच जास्त उष्णता सोसणारी मिश्रणं वापरतात. पण एलईडी स्वतः तापतो, फॉल्स सिलिंगच्या आत हवा कोंडते आणि वर स्लॅब भाजलेला असतो. असा दिवा घ्यायला गेलात, तर वॉट आणि अंश विचारून झाल्यावर दुकानदाराला विचारा, याचे रेणू किती डिग्रीपर्यंत रांगेत राहतात.