वाफ्यात बी टाकण्याआधी मातीचं ऐका

थंडी ओसरून दुपारचं ऊन जरा टोचायला लागलं की घरची भाजी पिकवणाऱ्याचे हात शिवशिवतात. बियाण्यांची पाकिटं बाहेर निघतात, खुरपीला धार लागते आणि एखाद्या सुट्टीच्या दिवशी सगळे वाफे उकरून पेरून मोकळं व्हावंसं वाटतं. पण हवा तापली म्हणून माती तापलेली नसते. ती हवेच्या आठवडा-दोन आठवडे मागे असते, आणि बी रुजायचं असतं मातीत. वसंतातल्या कामांचा क्रम कॅलेंडरपेक्षा मातीच्या तापमानावरून आणि ओलाव्यावरून लावावा, असं माझं ठाम मत आहे.

माती मागे राहते ती मुख्यतः पाण्यामुळे. एक ग्रॅम पाण्याचं तापमान एका अंशाने वाढवायला ४.१८ ज्यूल ऊर्जा लागते. तेवढ्याच वजनाच्या कोरड्या मातीला त्याच्या साधारण पाचवा हिस्सा पुरतो. शिवाय वरचं पाणी वाफ होऊन उडताना मातीतली उष्णता घेऊन जातं. म्हणून चिकण, पाणी धरून ठेवणारी जमीन उशिरा तापते आणि रेताड जमीन लवकर. उंच केलेले वाफे वसंतात पुढे असतात ते यामुळेच, कारण त्यांतलं जादा पाणी लवकर निथळून जातं. मातीत खुपसायचा साधा तापमापक असेल तर सकाळी, पाच-सात सेंटिमीटर खोलीवर मोजावं. दुपारचा आकडा फसवा असतो. चार-पाच दिवस ओळीने सकाळचा आकडा टिकला, तर तो खरा धरावा.

या आकड्याने किती फरक पडतो? टोमॅटोचं बी १० अंश सेल्सिअसच्या मातीत उगवायला सहा आठवडे घेतं. १५ अंशांना दोन आठवडे लागतात आणि २५ अंशांना अवघे सहा दिवस. भेंडी १० अंशांना उगवतच नाही, १५ अंशांना जवळजवळ चार आठवडे घेते आणि ३० अंशांना आठवड्यात वर येते. वाटाणा मात्र थंडीला दाद देत नाही. ५ अंशांनाही तो उगवतो, फक्त पाच आठवडे लावतो. १० अंशांना दोन आठवड्यांत काम होतं. बियातला साठा फोडून कोंबाला पुरवणारी विकरं किती वेगाने काम करतात ते तापमानावर ठरतं, आणि प्रत्येक पिकाची खालची मर्यादा वेगळी आहे. म्हणून वाटाणा, पालक, मुळा, गाजर आधी आणि भेंडी, काकडी, घेवडा मागून हा क्रम पाळण्यात शहाणपण आहे. थंड मातीत घाईने टाकलेल्या भेंडीला तीन आठवडे उशिरा पेरलेली भेंडी सहज गाठते.

गाठणं सोडा, पुष्कळदा आधीची उगवतही नाही. घेवड्याचं उदाहरण घ्या. कोरड्या बियातल्या पेशींची आवरणं विस्कळित अवस्थेत असतात. बी पाणी शोषायला लागलं की ती पुन्हा नीट जुळून येतात, पण त्यासाठी ऊब लागते. पहिल्या काही तासांत थंडगार पाणी आत शिरलं तर जुळणी अर्धवट राहते आणि पेशींतली साखर व इतर द्रव्यं बाहेर पाझरतात. आसपासच्या मातीत पिथियमसारखे बुरशीसदृश जीव असतात आणि त्यांना ही पाझरलेली साखर म्हणजे आयतं आमंत्रण. आठवड्याभराने तुम्ही माती उकरून बघता तेव्हा बी फुगलेलं, बुळबुळीत, दोन बोटांत धरताच सालातून निसटणारं असतं. दोष बहुधा बियाण्याच्या माथी मारला जातो. खरं तर ते पहिल्या दिवशीच्या थंड पाण्याने गेलेलं असतं.

तापमानाइतकाच महत्त्वाचा वाफसा, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही बेताची असण्याची अवस्था. चांगल्या मातीच्या आकारमानाचा निम्मा भाग पोकळ्यांचा असतो. त्यांतल्या काहींत पाणी, काहींत हवा. मुळांना श्वसनासाठी ही हवा लागते. माती चिंब असताना कुदळ चालवली किंवा वाफ्यात नुसते पाय दिले तरी चिकण मातीचे चपटे कण एकमेकांवर घसरून बसतात आणि मोठ्या पोकळ्या मिटून जातात. वाळल्यावर त्याच मातीची दगडासारखी ढेकळं होतात आणि मग सगळा हंगाम ती फोडत बसावं लागतं. परीक्षा सोपी आहे. वीतभर खोलीवरची मूठभर माती घ्या, दाबून गोळा करा आणि अंगठ्याने ढकला. गोळा भुसभुशीत होऊन फुटला तर वाफसा आला. अंगठ्याचा नुसता खळगा पडला आणि तळहात चिकट झाला, तर अवजार परत ठेवून द्यावं. वसंतातल्या सगळ्या सवयींत ही एक मी सर्वांत वर ठेवेन, कारण बिघडलेली पेरणी पुन्हा करता येते, पण दबलेल्या मातीची घडण सुधारायला वर्षं लागतात.

माती हलवली की तणही जागं होतं. खोल गाडलेलं तणाचं बी मेलेलं नसतं, थांबलेलं असतं. विल्यम जेम्स बील या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७९ मध्ये मिशिगनमध्ये ओलसर वाळू आणि निरनिराळ्या वनस्पतींचं बी भरलेल्या २० बाटल्या जमिनीत पुरल्या. ठरावीक वर्षांनी एकेक बाटली काढून पेरायची, असा तो प्रयोग आजही चालू आहे. २०२१ मध्ये काढलेल्या बाटलीतलं व्हर्बॅस्कम या तणाचं बी १४१ वर्षांनंतरही उगवलं! अशा कित्येक बियांना जाग येते ती प्रकाशाने. खणताना माती उलटते, सेकंदाच्या छोट्याशा अंशापुरता उजेड बियावर पडतो आणि बी पुन्हा गाडलं गेलं तरी संदेश पोचलेला असतो. बियातलं फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य हे काम करतं. लाल प्रकाश त्याला चालू करतो, दूर-लाल, म्हणजे लालच्या पलीकडचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा प्रकाश बंद करतो. १९५२ मध्ये अमेरिकेतल्या बेल्ट्सव्हिल इथल्या संशोधकांनी हे लेट्यूसच्या बियांवर दाखवून दिलं. त्यांनी आलटून पालटून दोन्ही प्रकाश दिले आणि शेवटचा प्रकाश कोणता, त्यावर उगवण ठरली.

यातून बागेसाठी एक उत्तम युक्ती मिळते. पेरणीच्या दोन-तीन आठवडे आधी वाफा तयार करायचा, हलकं पाणी द्यायचं आणि तण उगवू द्यायचं. ते दोन पानांवर आलं की खुरपीचं पातं मातीत जेमतेम सेंटीमीटरभर फिरवून कापून टाकायचं आणि पुन्हा खोल न खणता लगेच पेरायचं. वरच्या थरातलं बरंचसं तण त्याआधीच खर्ची पडलेलं असतं. गाजरासारख्या मंद उगवणाऱ्या पिकाला याचा मोठा फायदा होतो. लेट्यूसच्या बऱ्याच जातींना उगवायला प्रकाश हवा असतो, म्हणून त्यांचं बी मातीवर टाकून नुसतं थापावं.

टोमॅटो, वांगी, मिरचीची रोपं घरात खिडकीशी वाढवली जातात तेव्हा अडचण उलटी असते. ऊब भरपूर, उजेड अपुरा. कमी उजेडात रोप सगळी ताकद उंच होण्यात घालवतं. कांडी लांब, फिकट आणि लेचीपेची होते. उपाय अर्थातच जास्त उजेड. पण त्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट करता येते आणि ती मला फार आवडते. दिवसातून एक-दोनदा रोपांच्या शेंड्यांवरून तळहात अलगद फिरवावा. वाऱ्याने हलल्याचा भास झालेलं रोप उंची आवरतं आणि खोड जाड करतं. मार्क जाफे या शास्त्रज्ञाने १९७३ मध्ये स्पर्शाला मिळणाऱ्या या प्रतिसादाचं सविस्तर वर्णन केलं. पानं ओली असताना मात्र हात लावू नये, रोग एका रोपावरून दुसऱ्यावर जातात.

पुनर्लागवडीआधी रोपं काटक करायला आठवडा ते दहा दिवस द्यावेत. पहिल्या दिवशी सावलीत तास-दोन तास, मग रोज थोडं जास्त, आणि शेवटी पूर्ण ऊन. या काळात पानांवरचा मेणाचा थर जाड होतो आणि ऊतींमध्ये साखर साठते. हा टप्पा गाळला तर एका दुपारच्या उन्हात पानांवर पांढरट, कागदासारखे चट्टे पडतात. रात्रीचं तापमान १० अंशांच्या खाली जात असेल तर टोमॅटो-काकडीची रोपं बाहेर लावूच नयेत.

लावल्यानंतर काही दिवसांनी टोमॅटोचं पान उलटून पाहिलं तर खालची बाजू, विशेषतः शिरांलगत, जांभळट दिसते. पुष्कळ जण हे पाहून खत ओततात. थंड मातीत मुळं हळू वाढतात आणि स्फुरद (फॉस्फरस) मुळांपर्यंत सरकतही हळूच, त्यामुळे जमिनीत स्फुरद असूनही रोपाला मिळत नाही. नत्राचंही (नायट्रोजनचंही) तसंच. कुजलेल्या खतातलं नत्र पिकाला घेता येईल अशा रूपात आणणारे जिवाणू १० अंशांखाली फारच संथ होतात. माती तापली की नवी पानं हिरवीगार येतात. तोवर थांबावं.

आच्छादनाचंही गणित तापमानाचंच आहे. हिवाळ्यात वाफ्यावर पसरलेला पालापाचोळा किंवा पेंढा वसंताच्या सुरुवातीला बाजूला ओढून ठेवावा, कारण तो ऊन अडवतो आणि मातीतला गारवा कोंडून ठेवतो. रोपं जोमाने वाढू लागली आणि मातीचं सकाळचं तापमान २० अंशांच्या आसपास स्थिरावलं की आधी पाणी द्यावं, मग चार बोटं जाडीचा तोच थर परत पसरावा. खोडाभोवती मात्र वितीएवढी जागा मोकळी सोडावी. ओलं आच्छादन खोडाला चिकटलं की तिथे कूज लागते आणि गोगलगायींनाही लपायला जागा मिळते.