धर्मवैविध्याचे स्थानिक नकाशांकन (बडोदे)

धर्मवैविध्याचे स्थानिक नकाशांकन : एखाद्या गावातील किंवा शहरातील निरनिराळ्या धर्म-पंथांची उपासनास्थळे, त्यांचे सणवार, मिरवणुकांचे मार्ग आणि तेथे येणारी माणसे यांची पायी फिरून, विचारपूस करून केलेली नोंद. ही नोंद शेवटी नकाशावर उतरते, पण नकाशा हे निमित्त असते. ज्या दरवाजावरून आपण वर्षानुवर्षे गेलो आणि ज्याच्या आत कधी पाऊल टाकले नाही, तो दरवाजा ठोठावण्याचे कारण त्यामुळे मिळते. आंतरधर्मीय संवादाचे काम करणारे शिक्षक आणि विद्यार्थी ही पद्धत वापरतात. येथे तिचा विचार मुख्यतः बडोद्याच्या (वडोदरा) संदर्भात केला आहे.

शहराचा असा आढावा घेण्याची कल्पना जुनी आहे. लंडनमध्ये चार्ल्स बूथ याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गरिबीचे रंगीत नकाशे केले आणि त्याच पाहणीत धर्मसंस्थांची स्वतंत्र माहितीही गोळा केली. संवादाशी तिची सांगड घालणारा सर्वांत परिचित प्रयत्न म्हणजे हार्वर्ड विद्यापीठातील प्राध्यापिका डायना एक यांनी १९९१ मध्ये सुरू केलेला प्लुरलिझम प्रोजेक्ट. त्यात विद्यार्थी अमेरिकेतील शहरांत जाऊन तेथील नवी मंदिरे, मशिदी, गुरुद्वारे आणि बौद्ध विहार नोंदवत. डायना एक यांचे आधीचे संशोधन काशीवरचे होते, हे येथे मुद्दाम सांगावेसे वाटते. एकाच घाटावर अनेक दैवते पाहण्याची सवय असलेली नजर बॉस्टनकडे वळली, असे म्हणता येईल.

भारतात धर्माची मोजदाद म्हटली की जनगणना डोळ्यांसमोर येते. बडोदे संस्थान ही मोजणी आपल्या अधिकाऱ्यांकडून करवून घेई. १९११ ची जनगणना गोविंदभाई हाथीभाई देसाई यांच्या देखरेखीखाली झाली. त्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या मोजणीत गुजरातेतील सुमारे दोन लाख लोकांची नोंद ‘हिंदू-मुसलमान’ अशी जोडनावाने झाली होती. निकाह काजीकडून आणि मुहूर्त ब्राह्मणाकडून, अशा रीतीने राहणारे समाज गुजरातेत होतेच. पीराणा येथील इमामशाहांच्या सतपंथाचे अनुयायी, मोलेसलाम गरासिया ही त्यांतली परिचित उदाहरणे. मोजणाऱ्यांना मात्र हा प्रकार अडचणीचा वाटला आणि पुढे अशा लोकांना कोणत्या तरी एका बाजूला बसवण्याकडे कल वाढला. २०११ च्या जनगणनेतही सहा धर्मांना सांकेतिक आकडे होते. बाकीच्यांचे नाव लिहून घेतले गेले आणि तक्त्यात ते ‘अन्य’ झाले. ज्यांचे मोठे धर्मपीठ नवसारी हे एके काळी बडोदे संस्थानातच होते आणि ज्यांच्यातले दादाभाई नौरोजी १८७४ मध्ये बडोद्याचे दिवाण होते, ते पारशीही या ‘अन्य’मध्येच मोडतात.

धर्मांकडे एकमेकांशेजारी ठेवून पाहण्याची परंपरा बडोद्यात आहे. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी बडोदा कॉलेजात धर्मांच्या तौलनिक अभ्यासाची सोय केली आणि त्यासाठी आल्बन विजरी या इंग्रज प्राध्यापकाला नेमले. १९३३ मध्ये शिकागोच्या विश्वधर्म परिषदेत महाराजांनी स्वतः भाषण केले. त्या काळाच्या मानाने ही मोठीच गोष्ट, पण हा अभ्यास ग्रंथांचा होता. उपनिषदे एका कपाटात, कुराण दुसऱ्या; जुन्या शहराच्या मध्यावरच्या मांडवीच्या चौकात कोण कोणाच्या दुकानातून फुले घेतो, हे कोणत्याच कपाटात नव्हते. नकाशांकन नेमके तेथून सुरू होते.

मांडवीपासून सुरुवात करणे सोयीचे. चारी बाजूंना लहरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट असे दरवाजे. या चौकटीत विठ्ठलमंदिर आहे, नरसिंहजींचे मंदिर आहे, जुम्मा मशीद आहे आणि पोळांमधून (अरुंद गल्ल्यांच्या वस्त्यांमधून) दडलेली जैन देरासरे, म्हणजे जैन मंदिरे, आहेत. पश्चिमेला सुरसागराच्या पलीकडे दांडिया बाजार, मराठी वस्तीचा जुना भाग. उत्तरेला फतेहगंज, जुन्या छावणीच्या बाजूला. तेथे चर्च आहेत. छावणीतच विद्युत् आणि यांत्रिकी अभियंता दलाने १९६६ मध्ये बांधलेले दक्षिणामूर्तीचे मंदिर आहे. ॲल्युमिनियमच्या पत्र्यांचा भूमितीय घुमट, कळस, मनोरा, सोनेरी शिखर यांतून वेगवेगळ्या धर्मांच्या खुणा एका इमारतीत आणायचा तो प्रयत्न. पाहुण्यांना ते आवर्जून दाखवतात. नकाशाच्या दृष्टीने मात्र त्यात फारसे काही शिकण्यासारखे नाही, कारण तेथे धर्म ठरवून एकत्र आणले आहेत. शहरात ते न ठरवता एकमेकांच्या वाटेत येतात.

म्हणून अनुभवी नकाशाकार ठिकाणांइतकीच वेळ नोंदवतात. कार्तिकी एकादशीला मांडवीच्या मंदिरातून विठ्ठलनाथजींचा वरघोडा निघतो (बडोद्याचा मराठी माणूसही ‘वरघोडा’च म्हणतो, ‘मिरवणूक’ नाही), देवदिवाळीला नरसिंहजींचा वरघोडा लग्नासाठी तुळसवाडीकडे जातो. मोहरमचे ताजिये सरसिया तलावाकडे जातात. गणपतीचे दहा दिवस तर सारे रस्ते मंडपांचेच. चंद्र आणि सूर्य यांच्या हिशेबाने चालणारी ही पंचांगे काही वर्षांनी एकमेकांवर येतात, आणि तेव्हा एकच अरुंद रस्ता दोघांचा होतो. कोणता मार्ग किती वाजता, बँड कुठे थांबवायचा, पाण्याची परब (पाणपोई) कोण लावते, ही माहिती पोलिसांच्या वहीत असते. तीच शेजाऱ्यांनी मिळून लिहिली, तर ती बंदोबस्ताची न राहता ओळखीची होते.

खरी अडचण येते ती रंग भरताना. संगणकीय नकाशांत, उदाहरणार्थ ओपनस्ट्रीटमॅपवर, प्रार्थनास्थळापुढे धर्माचा रकाना असतो आणि त्यात एक नाव भरायचे असते. दर्ग्यावर नवस फेडणारी हिंदू बाई त्या रकान्यात बसत नाही. बडोदा दरबारचे गवई आफताब-ए-मौसिकी फैयाजखाँ मैफिलीत ‘वंदे नंदकुमारम्’ गात. ते १९५० मध्ये बडोद्यातच वारले आणि त्यांची कबर येथेच आहे. त्यांच्या आधी याच दरबारातले अब्दुल करीमखाँ आणि सरदार माने घराण्यातल्या ताराबाई यांनी बडोदे सोडून संसार थाटला. त्यांची मुलगी मराठी रसिकांना हिराबाई बडोदेकर म्हणून ठाऊक आहे. आडनावात शहर आले, धर्म आला नाही. या घराला कोणता रंग द्यावा? नर्मदाकाठच्या नारेश्वरचे रंगअवधूत मूळचे कोकणी घराण्यातले पांडुरंग वळामे. त्यांचे ‘दत्तबावनी’ हे दत्तस्तोत्र गुजरातीत आहे. दत्ताला मराठी लोकांचा देव समजणाऱ्याने नारेश्वरला एखाद्या गुरुवारी जाऊन यावे. पूर्वेकडून, छोटा उदेपूरकडून मजुरीला येणाऱ्या राठवा आदिवासींचा पिठोरो देव घराच्या भिंतीवर रंगवलेला असतो. त्याला ना कळस, ना मनोरा, त्यामुळे रस्त्यावरून पाहणाऱ्याच्या नकाशात तो येतच नाही.

या उणिवेवर एक उपाय बडोद्यातच हाताशी आहे. गणेश देवी यांनी १९९६ मध्ये येथे स्थापन केलेल्या ‘भाषा’ संस्थेने २०१० मध्ये भारतीय भाषांचे लोकसर्वेक्षण हाती घेतले. त्यात ‘ही भाषा की बोली’ हे वरून न ठरवता बोलणाऱ्यांनी आपल्या बोलण्याला दिलेले नाव नोंदवले गेले. धर्माबाबतही तेच करावे. स्थळाचे नाव, त्याची कथा आणि ‘हे कोणाचे?’ या प्रश्नाचे उत्तर तेथल्या माणसांच्या तोंडचे घ्यावे. दोन उत्तरे मिळाली तर दोन्ही लिहावीत.

नकाशा मात्र निरुपद्रवी वस्तू नव्हे. २००२ च्या हिंसाचारात बडोद्याच्या हनुमान टेकडी भागात बेस्ट बेकरीवर हल्ला होऊन १४ जण मारले गेले. फैयाजखाँच्या कबरीचीही नासधूस झाली. कोण कोठे राहतो, याची यादी कोणाच्या हाती पडते यावर ती यादी ओळखीची की धोक्याची हे ठरते. गुजरातमध्ये १९९१ पासून लागू असलेल्या ‘अशांत धारा’ कायद्याखाली अधिसूचित भागात घर विकण्यापूर्वी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. बडोद्याचे अनेक भाग त्यात आहेत, म्हणजे वस्त्यांच्या सीमांचा एक सरकारी नकाशा आधीपासूनच आहे. जनगणना कायद्याचे १५ वे कलम जनगणनेतल्या वैयक्तिक नोंदी गुप्त ठेवते. हौशी नकाशाला असे कोणतेच कवच नाही. म्हणून या कामात एक नियम कडकपणे पाळावा लागतो : सार्वजनिक ठिकाणे दाखवायची, घरे नाहीत. नावे, फोन, कुटुंबांची संख्या, काहीही नाही. छोट्या पंथाने ‘आमचे ठिकाण दाखवू नका’ म्हटले, तर ते गाळायचे.

घरे गाळली की एक पेच मात्र उरतो, आणि तो बडोद्याने सर्वांत कटू रीतीने पाहिला आहे. १९१७ मध्ये संस्थानाच्या नोकरीसाठी आलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना राहायला जागा मिळेना. पारशी सराईत ते पारशी नाव लावून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या पारशी जमावाने त्यांना बाहेर काढले. मग त्यांनी एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राला विचारले. एकाने नोकर निघून जातील म्हटले, दुसऱ्याने बायकोशी बोलावे लागेल म्हटले. आंबेडकर कमाटी बागेत एका वडाखाली बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. त्या दिवसाच्या स्मरणार्थ २३ सप्टेंबर हा संकल्प दिन मानतात आणि त्या वडाच्या परिसराला संकल्पभूमी म्हणतात. बागेतली ही जागा नकाशावर बौद्धांचे श्रद्धास्थान म्हणून सहज दाखवता येते. सराईची जागा आणि त्या दोन मित्रांचे दरवाजे कोणत्या रंगात दाखवायचे, हे ठरवायला मात्र पारशी, हिंदू, ख्रिस्ती आणि बौद्ध अशा चौघांना एका टेबलाशी बसावे लागते.