लोटल्या जाणाऱ्या शेणगोळ्यात अंडे नसते

पावसाळ्यात इंदूरच्या आसपास, डोके खाली टेकवून मागच्या पायांनी गोळा लोटणारा शेणकिडा दिसला की 'त्यात त्याची अंडी आहेत' असे आपल्या मराठी घरांत आजही सांगितले जाते. फ्रेंच कीटकनिरीक्षक झाँ-आंरी फाब्र यांनी बिळे उकरून दाखवले, की तो गोळा बहुधा किड्याची स्वतःची शिदोरी असते. मादी अंडे घालते ते जमिनीखाली, नव्याने घडवलेल्या नासपतीसारख्या गोळ्याच्या निमुळत्या टोकात, जिथे हवा पोचते. काही जातींत नर-मादी जोडीने पिलासाठीचा गोळा नेतात, हे खरे. पण तिथेही अंडे घातले जाते ते गोळा पुरल्यावरच. आणि बहुसंख्य जाती तर गोळा लोटतच नाहीत, पडल्या शेणाखालीच बीळ खणतात.