राणीच्या पुतळ्यावरचं डांबर

पुतळ्याला काळं फासल्याची बातमी आली की पाठोपाठ त्याच पुतळ्याला दुधाने न्हाऊ घातल्याची बातमी येते. पुतळा संगमरवरी असेल तर हे 'शुद्धीकरण' त्याच्या जिवावर बेततं. नासलेल्या दुधातलं लॅक्टिक आम्ल दगड खातं, उरलेल्या प्रथिनांवर बुरशी धरते आणि डाग जागच्या जागीच राहतो.

1896मध्ये दामोदर चापेकरांनी मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासलं. तो डाग पुढे काढला रसायनशास्त्राचे प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांनी. त्या काळी हे मोठंच काम होतं.

संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे एकमेकांत घट्ट बसलेले स्फटिक. उन्हापावसाने त्यांच्यामधल्या फटी रुंदावतात आणि डांबर तिथे मुरतं. आम्ल लावलं तर डांबर तसंच राहतं, दगडच फसफसून विरघळतो. द्रावक लावून चोळलं तर पातळ झालेलं डांबर आणखी आत जातं. म्हणून आजचे संवर्धक पोटीस लावतात: शोषक माती द्रावकात कालवून डागावर थापायची, काही काळ झाकून ठेवायची, मग उघडून वाळू द्यायची. कपड्यावर तेल सांडलं की आपण पावडर टाकतो, तसंच हे. द्रावक आत शिरून डांबर विरघळवतो. पोटिसाच्या बाहेरच्या अंगाने तो उडू लागला की मागचं द्रव बाहेर ओढलं जातं, सोबत डांबरही येतं. मेख एवढीच की छिद्र जितकं बारीक, तितकी केशाकर्षणाची ओढ जास्त. पोटिसाची छिद्रं दगडातल्या फटींहून बारीक हवीत, नाहीतर ओढ उलटी लागते.

पण डाग काढायचाच का? ब्रिस्टलमध्ये जून 2020मध्ये निदर्शकांनी गुलामांचा व्यापारी एडवर्ड कोल्स्टनचा ब्राँझचा पुतळा पाडून बंदरात ढकलला. तो वर काढल्यावर संवर्धकांनी चिखल धुतला, निदर्शकांनी मारलेला रंग मात्र जपला. आज तो तिथल्या एम शेड संग्रहालयात, रंगासकट, आडवा ठेवलेला आहे. मला हा निर्णय पटतो. रंग पुसला असता तर 1895 साली पुतळा उभारणाऱ्यांचंच म्हणणं तेवढं शिल्लक राहिलं असतं.

व्हिक्टोरियाचा पुतळा आता राणीबागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. कोळशाच्या डांबरातली काही संयुगं अतिनील प्रकाशात चमकतात. फटींमध्ये 1896चे अंश उरलेत का, हे दगडाला हात न लावता तपासता येईल. ही तपासणी व्हायला हवी, आणि जे सापडेल ते चापेकरांच्या नावासह पुतळ्याशेजारच्या फलकावर लिहायला हवं.